माडाच्या शेंड्यातलं पिवळं

“खाली काय शोधतंस गो? तां हय नाय. तां वर आसा.”

मी माडाच्या बुंध्याशी उकिडवी बसले होते. एका हातात चाकू, दुसऱ्या हातात कागदी पाकीट, गळ्यात भिंग. मागे वळून पाहिलं तर सगुणकाका उभे होते, कमरेला कोयती आणि खांद्यावर काथ्याच्या दोरीचं वेटोळं.

“काय वर आहे?” मी विचारलं.

“तू जां शोधतंस तां. पिवळा. चलता तां.”

मी चाकू खाली ठेवला. गेले तीन आठवडे मी सगुण आरोंदेकर यांच्या घरी राहत होते. पण मी काय शोधते आहे, हे त्यांना मी कधी नीट सांगितलं नव्हतं. सांगून कुणाला कळत नसे. घरी जयसिंगपूरला आईला सांगितलं होतं, तर ती म्हणाली होती, “एवढं शिकून शेवटी शेवाळंच का?”

ते शेवाळ नव्हतं, आणि बुरशीही नव्हती. त्याला पुस्तकात श्लेष्मकवक म्हणतात. पावसाळी जंगलात कुजक्या लाकडावर, पाचोळ्यावर पिवळ्या-पांढऱ्या बुळबुळीत जाळीसारखा हा जीव पसरलेला असतो. त्याला डोळे नाहीत, तोंड नाही, पाय नाहीत. तरी तो सरकतो, वाटेतले जिवाणू खातो, आणि वेळ आली की एका रात्रीत त्या बुळबुळीतून टाचणीच्या डोक्याएवढी देठाची बोंडं उभी राहतात. प्राणिशास्त्रवाले त्याला आपला म्हणत नाहीत. वनस्पतिशास्त्रवाल्यांनी त्याला कशीबशी जागा दिली आहे. त्याच्यावर मी पीएच.डी. करत होते. साल १९९६, ऑक्टोबर महिना, माझं वय पंचवीस.

केळवझर हे सिंधुदुर्गातलं, घाटाच्या पायथ्याचं गाव. वीसेक घरं आणि पुढे सगळं रान. त्या रानात भेरली माड भरपूर. नारळाचा माड नव्हे. याची पानं माशाच्या शेपटीसारखी कातरलेली असतात आणि फुलांचे झुबके घोड्याच्या शेपटीसारखे लांब लोंबत असतात. सगुणकाकांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या या माडांची माडी काढायचं काम चालत आलेलं.

“काका, माडाच्या शेंड्यात हे जीव नसतात,” मी म्हणाले. “वर ऊन-वारा लागतो, साल कोरडी पडते. आमच्या बाईंनी सगळं तपासून पुस्तकात लिहिलंय.”

“खंयच्या बाई?”

“सरंजामेबाई. डॉक्टर विमल सरंजामे. मी त्यांचीच विद्यार्थिनी. त्यांनीच मला या गावी पाठवलं. त्या पूर्वी इथं येऊन गेल्या आहेत.”

सगुणकाकांनी खांद्यावरची दोरी काढली, पुन्हा खांद्यावर घेतली.

“त्या आसत अजून?”

“आहेत तर. दोन वर्षांनी निवृत्त होतील.”

“बरा,” ते म्हणाले, आणि दोरी सावरत पुढच्या माडाकडे निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना मात्र त्यांनी विषय काढला. “तू सोता वर चढ.”

मला हसू आलं. माड पन्नास फुटांचा होता. “तुम्हीच काढून आणा ना थोडं. मी खाली बघते.”

“दोनदा हाडून बघलंय मी. खाली येयसर तां मोडता, सुकता. आनी माज्या सांगण्यान कोणाक पटूचा नाय. तू बघ. तुज्या डोळ्यांनी.”

भामाकाकी, म्हणजे त्यांची बायको, चुलीपाशी बसली होती. ती म्हणाली, “पडली बिडली तर तिच्या आवशीक काय सांगशात?”

“पडाची नाय,” काका म्हणाले. “मी बांधतंय.”

आणि खरोखरच ते कामाला लागले. रानातून जाड बांबू तोडून आणले. प्रत्येक पेरावरची फांदी वीतभर ठेवून बाकीची छाटली, म्हणजे पाय ठेवायला खुंटी झाली. एकावर एक असे बांबू त्यांनी काथ्यानं माडाच्या खोडाला आवळून बांधले. दोन दिवस मी त्यांच्या मागे लागून हेच म्हणत होते, की काका, माझ्या प्रबंधाला याची गरज नाही. माझा विषय जमिनीवरच्या जाती. भेरली माडाचं एक छोटं प्रकरण आहे, तेही बाईंचं जुनं काम पुन्हा पडताळायचं म्हणून. ते ऐकून घेत आणि पुढची गाठ मारत.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला दहा फूट चढवलं आणि उतरवलं. मग वीस फूट. माझे हात घामानं निसरडे झाले होते.

“खाली बघू नको. वरसुदां बघू नको. माज्या पायांकडे बघ, आनी मी खंय ठेवतंय थंय ठेव.”

चौथ्या दिवशी सकाळी आठ वाजता आम्ही वर गेलो. ते पुढे, मी मागे, माझ्या कमरेची दोरी त्यांच्या हातात. मला आजही त्या चढण्यातलं फारसं काही आठवत नाही. आठवतात ते त्यांचे पाय. रुंद, तळव्याला भेगा पडलेले, बोटं एकमेकांपासून फाकलेली. तो पाय खुंटीवर ठेवला जाई तेव्हा जमिनीवर ठेवल्यासारखा निवांत असे.

शेंड्यापाशी त्यांनी मला पानाच्या रुंद बुडख्यावर बसवलं आणि दोरी खोडाभोवती दोनदा फिरवून बांधली.

“आता बघ.”

सगळ्यात वरचा जुना झुबका फुलून, फळून, वाळून तिथंच लोंबत होता. त्याच्या आणि पानाच्या बुडख्याच्या बेचक्यात वर्षानुवर्षांचा पाचोळा, काळे तंतू आणि पक्ष्यांची शीट साचून काळीभोर माती तयार झाली होती. पन्नास फुटांवर माती! मी बोट घातलं तर ती ओली होती. पाऊस थांबून आठ दिवस झाले होते, तरी ओली.

आणि त्या मातीतून निघून झुबक्याच्या वाळक्या दांड्यावर ते पसरलं होतं.

हळदीसारखा रंग. तळहाताएवढा पंखा, कडेला दाट आणि मागे बारीक होत गेलेल्या शिरांची जाळी. मी भिंग डोळ्याला लावलं. शिरेच्या आतून काहीतरी वाहत होतं. दाणेदार पिवळा प्रवाह पुढच्या कडेकडे धावत होता, एवढ्या जोरात की मला वाटलं आपणच हलतोय. मग तो मंदावला. थांबला. आणि उलटा वाहू लागला. मी घड्याळ पाहिलं. मिनिटभरानं पुन्हा थांबला, पुन्हा पुढे निघाला. जितका वेळ मागे जाई त्याहून थोडा जास्त वेळ पुढे. एवढ्या फरकावर तो अख्खा जीव तासाला बोटाचं एक पेर सरकत होता.

प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत मी हे पाहिलं होतं. पण तिथं तो टिपकागदावर वाढवलेला, आजारी माणसासारखा फिकट असायचा. इथं तो आपल्या घरात होता. डोकं नाही, मेंदू नाही, आणि तरी त्याला ठाऊक होतं कुठं जायचं. वाळक्या दांड्याला जिथं फाटा फुटत होता तिथं त्यानं दोन बोटं पुढे काढली होती. एका फाट्यावर ऊन येत होतं. तिकडचं बोट माझ्या डोळ्यांदेखत पातळ होत गेलं आणि सगळा प्रवाह सावलीतल्या बोटाकडे वळला.

“बघलंस?” काकांनी हळूच विचारलं.

“तुम्ही कधीपासून बघताय हे?”

“वीस-पंचवीस वर्सां. सगळ्या माडांवर नसता. जुन्या झुबक्यार असता. उद्या ह्या बसतला. आज धावता बघ कसा? धावूक लागला की दुसऱ्या दिवशी बसता, आनी उभे दाणे येतत.”

पुस्तकात वाचून मला जे समजायला दोन वर्षं लागली होती, ते त्यांनी माडी काढता काढता पाहून ठेवलं होतं. दुसऱ्या सकाळी आम्ही पुन्हा वर गेलो. पिवळं नाहीसं झालं होतं. त्याच्या जागी दांड्यावर शेकडो बोंडं उभी होती, पांढऱ्या देठांवर निळसर झाक असलेली, पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या तेलावर जसे रंग दिसतात तशा रंगांची. आजवर मी हजारो नमुने पाहिले आहेत. पण तसा क्षण पुन्हा आला नाही.

खाली उतरल्यावर मात्र मला पुस्तकातलं ते प्रकरण आठवलं.

सरंजामेबाईंचं पुस्तक आमच्या क्षेत्रात पोथीसारखं मानलं जायचं. त्यात भेरली माडावर एक पूर्ण प्रकरण होतं आणि त्याचा शेवट असा होता: भेरली माडाच्या शेंड्यात श्लेष्मकवकं आढळत नाहीत. पुढे कितीतरी जणांनी याच वाक्याचा आधार घेऊन माडाकडे पाहिलंच नव्हतं. त्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती त्या वेळी छापखान्यात होती. मुद्रितं मीच तपासली होती. आणि बाई म्हणजे अशी बाई, की विभागात त्यांच्या चपलांचा आवाज आला की शिपाईसुद्धा सरळ उभा राहायचा. माझ्या एका वरिष्ठ सहकाऱ्यानं त्यांच्या एका मापात चूक काढली होती. चूक खरी निघाली, पण त्याला तो सगळा तक्ता त्यांनी अकरा वेळा करायला लावला होता, खात्री होईपर्यंत.

माझ्या प्रबंधावर सही त्यांची लागणार होती.

संध्याकाळी ओसरीवर मी काकांना म्हणाले, “मी हे लिहिणार नाही आता. माझा विषय जमिनीवरचा आहे. माडाचं प्रकरण गाळून टाकते. पुढं कधीतरी बघू.”

ते कोयतीला धार लावत होते. त्यांचा हात थांबला. “मग वर कित्याक चढलंस?”

“काका, तुम्हाला माहीत नाही त्या कशा आहेत.”

“माका म्हायत आसा त्या कशे आसत.” त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच चढलेला ऐकला. “बाईंका बोलव. हयसर बोलव. तेंका बघूक व्हया. ह्या काम तुजा नाय, माजा आसा असा समज, पण बोलव.”

“तुमचं कसं?”

त्यांनी कोयती पुन्हा दगडावर घासायला घेतली.

दुसऱ्या दिवशी मी सात किलोमीटर चालत बाजाराच्या गावी गेले आणि एसटीडी बूथवरून कोल्हापूरला फोन लावला. वाटेत तीन वेळा परत फिरायचा विचार केला होता. बाईंनी फोन उचलल्यावर मी एका दमात सगळं सांगून टाकलं. बूथवरच्या यंत्रात लाल आकडे पळत होते.

“नमुना काढला आहेस?” त्यांनी विचारलं.

“एक दांडा काढलाय. बाकीचं तसंच आहे.”

“कुणी हात लावू नका त्याला. मी येते.”

“बाई, पुस्तक—”

“छापखान्याला मी आत्ता फोन करते. थांबा म्हणून सांगते.” आणि फोन ठेवला.

तिसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीनं त्या उतरल्या. छप्पन्न वर्षांच्या, शिडशिडीत, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. ओसरीवर बसल्या, पाणी प्यायल्या आणि पहिल्यांदा हात पुढे केला तो नमुन्यासाठी. भिंगातून दहा मिनिटं पाहत राहिल्या. सगुणकाका अंगणात माडासारखेच उभे होते. त्यांनी अंगात धुतलेला सदरा घातला होता.

“सुंदर आहे,” बाई म्हणाल्या. “पण शिरगुप्पे, हा दांडा तू वरून काढलास, की खाली पडलेला उचललास?”

“वरून, बाई. मी स्वतः चढले होते.”

त्यांनी भिंग खाली केलं आणि माझ्याकडे पाहिलं. “तू चढलीस?”

“हो.”

“मग १९७० साली मला का मिळालं नाही? मी सालीचे चाळीस तुकडे नेले होते. चाळीसही ओल्या टिपकागदावर तीन महिने ठेवले. एकावरही काही उगवलं नाही. एक तर तू चुकते आहेस, नाहीतर मी.”

सगुणकाका पायरीपर्यंत आले. वर चढले नाहीत. त्यांनी हात जोडले होते.

“बाईनू, माका तुमका एक सांगूचा आसा.”

बाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. “तुम्ही सगुण ना? तेव्हा माडावर चढायला तुम्हीच होता.”

“मीच. पण मी चढूक नाय.”

भामाकाकी दारात येऊन उभी राहिली होती. तिनं पदर तोंडाला लावला.

“तुमी माका माड दाखवलात, सांगलात, शेंड्यातली सोला काडून हाड. तेच्या आठ दिवस आधी माजो थोरलो भाव माडावरसून पडललो. कंबर मोडली तेची. पुढे कधी सरळ उभो रवलो नाय. मी माडाक हात लावलो की हातपाय लटलट कापत. माडी काढणाऱ्या भंडाऱ्याचो झील आनी माडाक भियता, ह्या कोणाक सांगू? घरात सांगलंय नाय, तुमका काय सांगतलंय? व्हाळाच्या काठार एक माड पडललो होतो, दोन उन्हाळे सुकललो. तेची सोला काडलंय आनी तुमका दिलंय. तुमी इचारलात, वर काय दिसला? मी म्हटलंय, काय नाय.”

त्यांनी जोडलेले हात खाली घेतले.

“दोन वर्सांनी मी परत चढूक लागलंय. तेव्हा वर तां पिवळा बघलंय आनी तुमचो प्रश्न आठवलो. दर पावसात बघतंय, दर पावसात आठवता. तुमचो पत्तो माज्याकडे नाय, लिवूक येवचा नाय. ह्या पोरीन तुमचा नाव घेतल्यान, तेव्हा म्हटलंय, आता तरी.”

मी बाईंकडे पाहू शकत नव्हते. सव्वीस वर्षं त्या एका वाक्यावर उभ्या होत्या. परिषदांमधून बोलल्या होत्या, विद्यार्थ्यांना शिकवलं होतं. आणि ते वाक्य एका पडलेल्या माडाच्या सालीवर लिहिलेलं होतं. आता इथं काय होईल, याची मला धास्ती वाटली. सगुणकाकांसाठी वाटली.

बाईंनी पिशवीत हात घातला आणि एक जुनी, कापडी बांधणीची वही काढली. पानं उलटत उलटत एका पानावर थांबल्या. बराच वेळ ते पान वाचत राहिल्या. मग वही माझ्यापुढे धरली.

“वाच. मोठ्यानं.”

त्यांचंच टपोरं अक्षर होतं. मी वाचलं, “नमुना एक ते चाळीस. सालीच्या आतल्या बाजूस सर्वत्र बारीक वाळू.”

“वाळू,” बाई म्हणाल्या. “पन्नास फुटांवर वाळू कुठून येणार? ओढ्याच्या पुराची वाळू ती. मी डोळ्यांनी पाहिली, हातानं लिहून ठेवली, आणि स्वतःला एक प्रश्न विचारला नाही. कारण मला घाई होती. तीन माड राहिले होते आणि गाडी दुसऱ्या दिवशी होती.” त्यांनी वही मिटली. “सगुण, तुम्ही तेव्हा किती वर्षांचे होता?”

“सव्वीस.”

“मी तीस. तुम्ही घाबरला होता. मी आळस केला. मी वर चढले असते तर तुम्हाला खोटं बोलायची वेळच आली नसती.” त्या उठल्या. “ती बांबूची शिडी अजून आहे ना?”

“बाई!” मी म्हणाले. “तुम्हाला मी वरून सगळं काढून—”

“सव्वीस वर्षांपूर्वी मी अगदी हेच केलं होतं, शिरगुप्पे.”

भामाकाकीनं त्यांना आत नेलं आणि आपलं निळं नऊवारी लुगडं घट्ट काष्टा मारून नेसवलं. बाहेर आल्या तेव्हा मला त्या ओळखूच आल्या नाहीत. काकांनी सगळे बांबू पुन्हा तपासले, दोन ठिकाणी नव्या गाठी मारल्या. बाईंच्या कमरेला त्यांनी दोरी बांधली ती तीन फेऱ्यांची.

“आता कापताहेत का हातपाय?” बाईंनी विचारलं.

“तुमच्यासाठी कापतत,” ते म्हणाले.

मी खाली उभी राहून पाहत होते. एकेका खुंटीवर त्या थांबत. काकांचा आवाज तेवढा ऐकू येई, “माज्या पायांकडे बघा, बाईनू.” तिसाव्या फुटावर त्या इतका वेळ थांबल्या, की मला वाटलं आता उतरतील. भामाकाकी माझा दंड घट्ट धरून काहीतरी पुटपुटत होती. मग ते निळं लुगडं पुन्हा सरकलं, एक खुंटी, आणखी एक खुंटी, आणि पानांच्या बुडख्यात नाहीसं झालं.

पाऊण तास वरून काही आवाज आला नाही.

उतरल्या तेव्हा त्यांचे गुडघे खरचटले होते. माडाच्या फळांचा रस लागून दोन्ही हात कोपरापर्यंत लाल झाले होते. त्या रसानं भयंकर खाज सुटते. पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. भामाकाकी खोबरेल घेऊन धावली, तर त्या नुसते हात पुढे करून बसल्या आणि समोर बघत राहिल्या.

“दुसऱ्या पानाच्या बुडख्यात एक आहे,” शेवटी त्या म्हणाल्या. “अजून चालतंय. मुंगीच्या पाठीवरून गेलं ते, शिरगुप्पे. मेलेली मुंगी होती, तिला वळसा घालून नाही गेलं, अंगावरून गेलं आणि पुढे जाऊन पुन्हा एक झालं.” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज वर्गात असतो तसाच होता. “काय रंग आहे गं तो!”

त्या संध्याकाळी ओसरीवर बसून त्यांनी मला पुस्तकासाठी इंग्रजीत एक पान सांगितलं आणि मी लिहून घेतलं. ते पान दुसऱ्या आवृत्तीच्या सुरुवातीला छापलं गेलं. पुस्तक त्यासाठी तीन महिने उशिरा निघालं. काकांनी विचारलं, काय लिहिलंत? बाईंनी मला मराठीत सांगायला लावलं.

“लिहिलंय की, १९७० साली लेखिकेनं माडाच्या शेंड्याची स्वतः तपासणी न करता निष्कर्ष काढला. तो चुकीचा होता. केळवझर येथील सगुण आरोंदेकर हे गेली चोवीस वर्षं या जिवांचं निरीक्षण करत आहेत. ते कुठल्या झुबक्यावर येतात आणि कधी बोंडं धरतात, हे प्रथम त्यांनी पाहिलं. त्यांच्यामुळे ही दुरुस्ती शक्य झाली.”

काका वाट पाहत राहिले. “आनी पडलल्या माडाचा?”

“ते नाही लिहिलेलं,” मी म्हणाले.

“लिवा. माजी चूक लिवा.”

“नाही,” बाई म्हणाल्या. “पुस्तकावर नाव माझं आहे. त्यातल्या चुकाही माझ्या.”

“पण बाईनू, खोटा मी बोललंय.”

“आणि खरंही तुम्हीच बोललात. कुणी विचारलं नसताना.” त्यांनी जुनी वही पुन्हा उघडली. “एक सांगा. तेव्हा मी तुम्हाला वाळूचं विचारलं असतं, तर सांगितलं असतंत खरं?”

सगुणकाकांनी विचार केला. खरोखर विचार केला.

“नाय,” ते म्हणाले. “त्या वेळी सांगलंय नसतंय. आणखी एक खोटा बोललंय असतंय.”

बाई मोठ्यानं हसल्या. त्यांना तशा हसताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. काका आधी दचकले, मग तेही हसले. भामाकाकी आतून ओरडली, “काय झाला? काय झाला?” आणि उत्तर मिळेना तेव्हा तीही हसायला लागली.

माझा प्रबंध पुढे दीड वर्षानं झाला. माडाचं प्रकरण त्यात सगळ्यात लांब आहे. आता मीच विद्यार्थ्यांना शिकवते, आणि त्यांच्याबरोबर झाडावर चढते. गेल्या वर्षी डॉक्टरांनी चढायला बंदी केली, तरी खालून आरडाओरडा करते. बाई आणि काका, दोघंही आता नाहीत. मला विचारलं जातं, तुम्ही एवढ्या बुळबुळीत विषयात आयुष्य कसं काढलंत. मी काहीतरी शास्त्रीय उत्तर देते.

पण खरं सांगायचं तर मला बाई चढल्या त्याच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ आठवते. बाईंची परतीची एसटी नऊ वाजता होती. मी सात वाजता त्यांना उठवायला गेले तर अंथरूण रिकामं. अंगणात काका नाहीत. भामाकाकी विहिरीवरून घागर घेऊन येत होती.

“खंय शोधतंस?” ती म्हणाली. “गेली दोगांय वर. उजाडल्याबरोबर. मी सांगलंय, च्या तरी घेवा. आयकतत कोण?”

मी धावत माडाखाली गेले. पानांच्या आत काही दिसत नव्हतं. फक्त दोघांचं बोलणं ऐकू येत होतं. बाई काहीतरी विचारत होत्या, काका सांगत होते. मध्येच ते “नाय, नाय, तसा नाय” म्हणाले आणि बाई गप्प झाल्या. त्यांचं बोलणं कुणी असं तोडलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

“बाई!” मी हाक मारली. “तुमची गाडी चुकेल!”

वरून पानं हलली. त्यांचा चेहरा दिसला, केस विस्कटलेले, गालाला काळी माती.

“चुकू दे! वही घेऊन वर ये, शिरगुप्पे. लवकर. सगुण म्हणतात, इथं आणखी एक जात आहे, आणि ती आपल्या दोघींनाही माहीत नाही.”